सातबाऱ्यावर नाव लागलं का?

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे. निम्म्याहून जास्त पत्रांत फिरून फिरून तीच तक्रार: ‘खरेदी होऊन इतके महिने झाले, पण उतारा अजून त्यांच्याच नावावर.’ म्हणून हा अंक खरेदीनंतरच्या नोंदीलाच देऊन टाकते. विहिरीच्या पाळीपाळीची आणि बांध कोरल्याची पत्रं पुढच्या वेळी.

सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी: मी १९८८ ला तलाठी म्हणून लागले. खटाव, कोरेगाव, कराड अशा बदल्या होत होत मंडळ अधिकारी, म्हणजे लोक ज्याला सर्कल म्हणतात, म्हणून निवृत्त झाले. माहेर तासगावकडचं, त्यामुळे सांगली जिल्ह्यातल्या पत्रांना जरा झुकतं माप मिळतं, हे कबूल. मी वकील नाही. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली असेल तर मी तसं स्पष्ट लिहिते, मग वकील गाठा.

प्रश्न: कोरेगाव तालुक्यात तीस गुंठे बागायत रान घेतलं. खरेदीखत पौषात रजिस्टर झालं, सगळी रक्कम चेकनं दिली. माझं वडिलोपार्जित रान आहे, त्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नव्हती. उताऱ्यावर देणाऱ्याचं एकट्याचंच नाव होतं, बोजा काही नव्हता, म्हणून निर्धास्त होतो. आता पाच महिने झाले. तलाठी भाऊसाहेब म्हणतात, ‘बहिणीनं हरकत घेतलीय, प्रकरण सर्कलकडे आहे.’ देणारा फोन उचलत नाही. मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, फंडाचा पैसा यात घातलाय. माझं खरेदीखत रद्द होईल का? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर: दादा, हरकत आली म्हणून खरेदीखत रद्द होत नाही. तलाठी, सर्कल, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), कुणालाही रजिस्टर झालेलं खत रद्द करता येत नाही. तो अधिकार दिवाणी कोर्टाचा. तेवढ्यापुरतं आज रात्री झोपा.

पण लगेच दुसरंही सांगते, नाहीतर माझ्यावर विसंबून राहाल. उद्या नोंद मंजूर झाली, उताऱ्यावर तुमचं नाव लागलं, तरी बहिणीचा हिस्सा खरा असेल तर तो त्या नोंदीनं बुडत नाही. मालकी येते खरेदीखतानं, आणि तीही देणाऱ्याची स्वतःची जेवढी होती तेवढीच. फेरफार ही महसुलाची नोंद. सारा कुणाच्या नावे, वहिवाट कुणाची, हे सरकारला कळावं म्हणून ती ठेवलेली. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नं ती खरी धरून चालतात, पण खोटी असल्याचं सिद्ध होईपर्यंतच. नोंदीनं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलंय. तेहतीस वर्षं नोकरी करून मला पटलेली गोष्ट अशी की आपल्याकडे लोक सातबाऱ्याला पत्रिकेसारखं मानतात, आणि फेरफाराचं पान मात्र कुणी उलटून बघत नाही. सगळा इतिहास त्या पानात असतो.

आता तुमच्या खरेदीनंतर काय घडलं ते बघू. रजिस्टर खत झालं की नोंदीसाठी तुम्ही वेगळा अर्ज करायचं कायद्यानं कारण नाही. कलम १४९ मध्ये हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायला सांगितलंय, पण रजिस्टर दस्ताला त्यातून सूट आहे, कारण कलम १५४ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडूनच ती खबर महसूलला जाते. आता ती संगणकावरून जाते आणि फेरफार क्रमांक पडतो. (‘नोंद लावून देतो’ म्हणून तहसीलबाहेर झाडाखाली बसलेल्यांना पाच-दहा हजार मोजणारे वाचक दर महिन्याला भेटतात. कशाचे मोजता?) मग तलाठी सगळ्या हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

आमच्या हातातल्या लेखणीच्या काळात ही नोंद आधी सातबाऱ्यावर पेन्सिलीनं व्हायची. फेरफार वहीत तलाठी लिहायचा, ‘अमुक यांनी तमुक यांस खुषखरेदीने दिली’. खाली मी शेरा मारायची, ‘नोटीस बजावली. मुदतीत हरकत नाही. सूची २ पाहिली. नोंद मंजूर.’ (सूची २ म्हणजे रजिस्टर दस्ताचा गोषवारा, इंडेक्स टू.) त्यानंतर पेन्सिलीवर शाई फिरायची आणि जुन्या मालकाच्या नावाला कंस पडायचा. काही गावांत पेन्सिलीची नोंद वर्ष-वर्ष तशीच राहायची आणि घेणारा तीच दाखवत फिरायचा, ‘लागलं की नाव!’ तुमची नोंद, दादा, आज त्या पेन्सिलीच्या अवस्थेत आहे.

हरकत आली की ती गाव नमुना ६अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत चढते आणि सुनावणी लागते. तुम्हाला नोटीस येईल. त्या तारखेला हजर राहा, मुलाला पाठवू नका. सोबत खरेदीखताची नक्कल, सूची २, चेक वटल्याचा बँकेचा उतारा आणि पानभराचं लेखी म्हणणं. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं रोजनाम्यात किती उतरेल याचा भरवसा नसतो.

आता मुद्द्याचं. बहिणीचं नाव उताऱ्यावर का नव्हतं? याचं उत्तर तुम्ही खरेदीआधी शोधायला हवं होतं, ते आता शोधा. देणाऱ्याच्या नावापुढे फेरफार क्रमांक आहे. त्या फेरफाराची नक्कल काढा. तो बहुधा वडील वारल्यानंतरच्या वारसनोंदीचा असेल. त्यात तीनपैकी एक सापडेल. एक, बहिणीनं रजिस्टर हक्कसोडपत्र करून दिलंय. तसं असेल तर तिची हरकत टिकणं अवघड. दोन, तिचं नाव वारसांत होतं, पण ते कब्जेदारांच्या (मालकांच्या) रकान्यात न घेता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलं आणि पुढे कुठल्यातरी नोंदीत गळलं. जुन्या नोंदींत हे सर्रास दिसतं. तीन, ‘मला हिस्सा नको’ असा साध्या कागदावर तलाठ्यापुढे जबाब घेऊन नाव वगळलं. स्थावरातला हक्क असा साध्या कागदावर सोडता येत नाही, दस्त रजिस्टर लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात तिचं पारडं जड आहे, हे समजून पुढे चाला.

कायदा तिच्या बाजूनं किती आहे तेही ऐका. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी त्यांची वारस आहेच. वडिलोपार्जित मिळकतीत सगळ्या मुलींना मुलाच्या बरोबरीनं हक्क २००५ च्या दुरुस्तीनं आला, आणि त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत ही अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानं गेली. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी.

खटाव तालुक्यात असताना असंच एक प्रकरण माझ्यापुढे आलं होतं. मे महिना. बहीण सकाळच्या एसटीनं आली होती, चटणी-भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन चावडीच्या पायरीवर बसून राहिली. भाऊ आणि घेणारा गाडीतून आले. मी विचारलं, मावशी, तुमचं म्हणणं काय? म्हणाली, ‘मला रान नको. पण दरसाली साडीचोळी करतो म्हणून शिक्का घेतला, त्याचा कागद कुठला होता ते मला कुणी वाचून दाखवलं नाही. आता दुसऱ्याच्या नावावर रान गेल्यावर गावात कळलं.’ भावाकडे कागद नव्हता. अंगठ्याचा एक जबाब निघाला, साधा. त्या दिवशी घेणाऱ्याला पहिल्यांदा घाम फुटलेला मी पाहिला. पुढे तिघं वकिलाकडे बसले, भावाला आलेल्या पैशातून बहिणीला तिचा वाटा मिळाला आणि तिनं तिच्या हिश्शाचं वेगळं खत घेणाऱ्याच्या नावे रजिस्टर करून दिलं. मग हरकत मागे, नोंद मंजूर. साडीचोळीवर हक्क सोडवून घ्यायची रीत मला कधीच आवडली नाही, आणि त्याचा भुर्दंड शेवटी घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

तुम्हीही तेच करा. देणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस द्या. तुमच्या खतात ‘जमीन निर्वेध असून कोणाची हरकत आल्यास लिहून देणार यांनी स्वखर्चाने निवारण करावयाची आहे’ अशा अर्थाचं वाक्य असणारच, ते नोटिशीत घाला. नोटीस गेल्यावर फोन उचलले जातात. त्याच वेळी एखाद्या जाणत्या नातेवाइकाकरवी त्या ताईंशी बोला. त्यांना शत्रू समजू नका. त्या पैशाला तयार झाल्या तर त्यांच्या हिश्शाचं रजिस्टर खत तुमच्या नावे घ्या, साध्या संमतीवर भागवू नका. नाहीच जमलं आणि सर्कलचा निर्णय विरोधात गेला तर साठ दिवसांच्या आत प्रांतांकडे अपील. ताई कोर्टात दाव्याला गेल्या तर तुम्हाला वकील लागेल. तोवर त्या रानात बोअर मारू नका, पाइपलाइन टाकू नका.

प्रश्न: सांगलीत फ्लॅट घेतला. त्याची नोंद सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेला कशी लावायची? (एक वाचक, विश्रामबाग)

उत्तर: लावायची नाही. जमीन इमारतीखाली आहे, तिची मिळकत पत्रिका जमीनमालकाच्या, बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या नावे असते. तुमचा फ्लॅट तिथे येत नाही. तुम्ही तीन ठिकाणी नाव बदला: महापालिकेत घरपट्टीला, महावितरणकडे, आणि सोसायटीत भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर). सोसायटीच्या सभेत एक मात्र विचारा, की इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली का. झाली नसेल आणि बिल्डर टोलवत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो.

प्रश्न: मॅडम, आम्ही तासगाव तालुक्यात एक एकर द्राक्षबाग विकत घेतली. नोंद मंजूर झाली, उतारा आमच्या नावावर आला. एप्रिल छाटणीसाठी कर्ज काढायला गेलो तर समजलं, इतर हक्कांत आधीच्या मालकाच्या सोसायटीचा तीन लाखांचा इकरार आहे. एजंट म्हणतो, ‘तो जुना असतो, तसाच राहतो, काही होत नाही.’ खरं का? (एक वाचक भगिनी, तासगाव)

उत्तर: ताई, एजंटाला विचारा, ‘काही होत नाही’ हे तो स्टॅम्पवर लिहून देतो का.

विकास सोसायटीचं कर्ज घेताना सभासद जमिनीवर बोजा ठेवल्याचा इकरार लिहून देतो. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे तो बोजा जमिनीवर बसतो आणि जमिनीबरोबरच चालतो. मालक बदलला म्हणून उतरत नाही. उलट कर्ज फिटल्याशिवाय अशी जमीन विकायला त्याच कलमात मनाई आहे आणि केलेला व्यवहार त्यामुळे रद्दबातल ठरू शकतो. म्हणजे धोका नुसता तीन लाखांचा नाही. खरेदीखत करताना तुम्ही बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा दाखला, मागायला हवा होता. आता देणाऱ्याच्या मागे लागा, त्यानं पैसे भरावेत आणि सोसायटीकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणावा. तो मिळाला की बोजा कमी करायचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करा किंवा तलाठ्याकडे द्या. त्याचाही फेरफार पडतो, तोही प्रमाणित व्हावा लागतो. दाखला घेऊन कपाटात ठेवला तर उताऱ्यावर बोजा तसाच.

हे कपाटातले दाखले मी पोत्यानं पाहिलेत. एका गावात १९७२ च्या दुष्काळातली विहिरीची तगाई (सरकारी कर्ज) उताऱ्यावर होती. विहीर बुजली, कर्जदार वारला, नातवानं ट्रॅक्टर घ्यायला बँकेत उतारा दिला तेव्हा बँकेनं बोट ठेवलं. घरात शोधल्यावर पत्र्याच्या डब्यात पैसे फेडल्याची पावती निघाली, घडीवर चिरलेली. आजोबांनी पै न् पै फेडली होती. तलाठ्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

प्रश्न: कराडजवळ तीन गुंठे जागा घेतली. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलंय, सोबत कुलमुखत्यारपत्रही आहे. ताबा माझा, तारेचं कुंपण माझं. नोंद कशी होईल? (एक वाचक, कराड)

उत्तर: होणार नाही. नोटरीसमोर सही केलेला कागद खरेदीखत होत नाही, आणि मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय. त्यावर तुकडेबंदी. २०२३ पासून सातारा-सांगलीसह बहुतेक जिल्ह्यांत शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र बागायताला दहा आर, जिरायताला वीस आर आहे. आर म्हणजे गुंठ्याच्या जवळपासच. त्याखालच्या तुकड्याचा शेतजमीन म्हणून व्यवहार अडकतो. अलीकडे सरकारनं काही भागांसाठी सवलती दिल्यात. तुमची जागा त्यात बसते का ते तहसीलमध्ये गट नंबर दाखवून विचारा. बसली तरी आधी रीतसर दस्त, मग नोंद. कुंपणाचा उपयोग शेरडं आत येऊ नयेत इतकाच.

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत १९५३ चं खरेदीखत सापडलं. त्यात ‘तालुका तासगाव, जिल्हा दक्षिण सातारा’ असं लिहिलंय. आमचं गाव तर पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. सर्व्हे नंबरही आजच्या कुठल्याच उताऱ्याला जुळत नाही. चुलते म्हणतात, कागद बनावट असणार. या जमिनीला आमचं नाव लावता येईल का? (एक वाचक, पलूस)

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी आईला फोन केला. तिच्या शाळेच्या दाखल्यावरही ‘दक्षिण सातारा’च आहे.

निदान त्या शब्दावरून तरी कागद बनावट ठरत नाही. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग आणि सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे १९५३ च्या खतावर ‘सांगली जिल्हा’ असता तर मी भुवई उंचावली असती. पलूस तालुका त्यानंतर कित्येक वर्षांनी निघाला.

सर्व्हे नंबर न जुळण्याचं कारण बहुधा एकत्रीकरण. तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा १९४७ चा. त्याखाली गावोगाव योजना राबवून सर्व्हे नंबर मोडले आणि गट पाडले. कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला याचा उतारा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तिथल्या माणसाला ‘एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा’ म्हटलं की लगेच कळतं. तो घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात जा आणि त्या गटाचे, त्याआधीच्या सर्व्हे नंबरचे जुने सातबारे आणि फेरफार मागा. काही कागद मोडीत असतील. वाचता येत नाही म्हणून परत ठेवू नका; मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या.

आता न आवडणारं. आजोबांच्या नावाचा फेरफार १९५३ नंतर पडला होता का, आणि पडला असेल तर पुढे कुठल्या फेरफारानं ते नाव कमी झालं, हे आधी शोधा. कदाचित आजोबांनीच पुढे ती जमीन विकली असेल, आणि जुनं खत तेवढं ट्रंकेत राहिलं असेल. असं फार वेळा होतं. दुसरं, आज ते रान कसतंय कोण? दुसरं कुणी बारा वर्षांहून जास्त काळ आपलीच म्हणून उघडउघड कसत असेल तर मुदतीच्या कायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो तलाठ्याच्या नव्हे, वकिलाच्या टेबलावरचा. ट्रंकेतला कागद घेऊन थेट शेतात जाऊ नका. आधी वरचे उतारे गोळा करा. आणि चुलत्यांना सांगा, दक्षिण सातारा खरोखर होता.

प्रश्न: मी या सदरातलं वाचून सगळं केलं. खरेदीआधी उताऱ्याच्या तळाशी ‘प्रलंबित फेरफार: नाही’ आहे ते पाहिलं, वर्ग एकची (विकायला सरकारी परवानगी लागत नाही अशी) जमीन आहे ते पाहिलं, बेबाकी दाखला घेतला, भावंडांच्या सह्या घेतल्या. नोंद मंजूर झाली. आता काही राहिलं का? (एक वाचक, वाई)

उत्तर: शाब्बास. असं पत्र वर्षातून एखादं येतं.

राहिलंय ते इतकंच: पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढा आणि खरेदीखत शेजारी ठेवून वाचा. नाव, वडिलांचं नाव, क्षेत्र, आकार (म्हणजे साऱ्याची रक्कम), पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग), इतर हक्क. हे मी का सांगते ते लाज बाजूला ठेवून लिहिते.

आम्ही नवरा-बायकोनं २००९ ला कोरेगाव तालुक्यात शून्य हेक्टर पंचेचाळीस आर रान घेतलं. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर नोंद बरोबर होती, मी स्वतः पाहिली होती. मग संगणकीकरण आलं. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झालं, म्हणजे संगणकावरचे उतारे लोकांपुढे मोठ्यानं वाचायचे आणि चुका टिपायच्या. मी माझ्या मंडळातल्या गावांमध्ये पारावर बसून घसा बसेपर्यंत उतारे वाचत होते. लोकांना दटावत होते, ‘झोपू नका, तुमच्याच रानाचं चाललंय.’ आमच्या रानाच्या गावात वाचन झालं त्या दिवशी मी दुसऱ्या गावात होते, आणि यजमान लग्नाला.

२०२० मध्ये उसासाठी पीककर्ज काढायला यजमान सोसायटीत गेले. सचिवानं हिशेब केला आणि जेमतेम साडेचार गुंठ्यांचं कर्ज बसतं म्हणून सांगितलं. यजमानांना वाटलं, चेष्टा करतोय. उतारा पुढे केला. ०.४५.०० च्या जागी ०.०४.५० झालं होतं. चाळीस आर रान टिंबाच्या फटीत गेलं होतं. आकार मात्र पूर्ण पंचेचाळीस आरचाच होता, त्यामुळे तीन वर्षं साऱ्याच्या पावतीवरूनही शंका आली नाही. आणि मी रोज दुसऱ्यांच्या उताऱ्यांवर सह्या करत होते.

अशी लेखनातली चूक कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशानं दुरुस्त होते. अर्जासोबत खरेदीखत, सूची २, हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्याची नक्कल आणि मूळ फेरफाराची नक्कल जोडावी लागते. जुनी नक्कल सगळ्यात महत्त्वाची, कारण चूक लिहिताना झाली, हक्कात वाद नाही, हे तिच्यावरून दिसतं. आम्हाला सात महिने लागले. मी खात्यातली असून. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या लोकांना अजून तोंड दाखवायचं आहे.

दुरुस्तीचा फेरफार मंजूर झाला, नवा उतारा आला. यजमान म्हणाले, ‘आता तरी वाच.’ वाचला. क्षेत्र बरोबर, आकार बरोबर, इतर हक्क रिकामा. सासऱ्यांच्या नावातला अनुस्वार तेवढा गळला होता. त्यासाठी पुन्हा १५५ चा अर्ज करायचा की नाही, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.